शेकडेवारीच्या शाब्दिक उदाहरणांपुढे डेसमॉस

सॅट म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या पदवी प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्या गणितात पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत कॅल्क्युलेटर चालतो, आणि परीक्षेच्या ब्लूबुक ॲपमध्येच तो बसवून दिलेला असतो: डेसमॉसचा, आलेख काढणारा. त्याच्या कौतुकाचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. दोन वक्र कुठे छेदतात, वर्गसमीकरणाची मुळं कोणती, वर्तुळाचं केंद्र कुठे, सगळं दोन टिचक्यांत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे तो जबरदस्तच आहे. पण माझ्याकडे येणारी मुलं वर्गसमीकरणावर क्वचित अडतात. ती अडतात शेकडेवारी, गुणोत्तर आणि प्रमाणाच्या शाब्दिक उदाहरणांवर. तेव्हा हे परीक्षण तेवढ्यापुरतंच: उदाहरण तीन ओळींचं आहे, त्यात कुठेतरी 'टक्क्यांनी' आहे, कुठेतरी 'गुणोत्तर' आहे, आणि शेजारी डेसमॉस उघडा आहे. तो किती उपयोगी पडतो?

आधी परीक्षेबद्दल थोडं. डिजिटल सॅट अमेरिकेबाहेर मार्च २०२३ मध्ये आणि अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. जुन्या कागदी परीक्षेत २० प्रश्नांचा, २५ मिनिटांचा एक भाग कॅल्क्युलेटरशिवाय सोडवावा लागायचा, तो गेला. आता २२-२२ प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येकी ३५ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ९५ सेकंद. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा भाग सोपा येणार की कठीण हे ठरतं. या ४४ पैकी ५ ते ७ प्रश्न अधिकृतपणे 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग अँड डेटा ॲनालिसिस' या गटातले, आणि शेकडेवारी-गुणोत्तराचं घर तिथेच. पण शेकडेवारी आपल्या घरात बसून राहत नाही. 'दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढते' असं म्हणत ती घातांकी फलांच्या प्रश्नांत शिरते, आणि तो गट वेगळा, मोठा आणि जास्त कठीण समजला जाणारा. 'पाच-सात प्रश्नांसाठी एवढं कशाला?' असं विचारणाऱ्या मुलांना मी हेच सांगते.

आता डेसमॉसची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ती इतकी बारीक आहे की व्हिडिओवाले तिच्यावर वेळ घालवत नाहीत. कीबोर्डवर % दाबलं की डेसमॉस नुसतं % उमटवत नाही, त्याला 'ऑफ' जोडून देतो. १५% लिहिलंत की पुढे जागा रिकामी: कशाचे? ८० लिहा, १२ उत्तर घ्या. काही लिहिलं नाहीत तर त्याला पुढे जाता येत नाही.

हे कौतुकाचं का, ते फोनमधल्या कॅल्क्युलेटरशी ताडून पाहा. अशा बऱ्याच कॅल्क्युलेटरांवर २०० + १०% केलं की २२० येतात. त्याने १० टक्के कशाचे धरले? आधीच्या २०० चे. आपल्याला न विचारता. दुकानातल्या हिशोबाला ते सोयीचं आहे, पण परीक्षेतली उदाहरणं नेमकी याच जागी रचलेली असतात. १० टक्के हे आधीच्या आकड्याचे नसून त्याच्याही आधीच्या आकड्याचे असतात, किंवा उदाहरणातल्या तिसऱ्याच गोष्टीचे असतात. वर्षानुवर्षं % चं बटण दाबत आलेल्या मुलाच्या मनात 'टक्के' ही एक क्रिया होऊन बसते, बेरीज-वजाबाकीसारखी. डेसमॉस ती समजूत मोडतो. टक्के म्हणजे कशाचे तरी टक्के, आणि ते 'कशाचे' तुम्हीच सांगायचं.

पण कौतुक इथेच संपतं, कारण 'कशाचे?' हे तो विचारतो आणि तुम्ही चुकीचं सांगितलंत तरी निमूटपणे ऐकतो.

एक उदाहरण घेऊ. अ ही संख्या ब पेक्षा १४० टक्क्यांनी मोठी आहे. ब ही क च्या ३० टक्के आहे. तर अ ही क च्या किती टक्के? जवळपास प्रत्येक तुकडीत निम्मी मुलं १.४ ला ०.३ ने गुणून ४२ म्हणतात, आणि पर्यायांत ४२ असतोच. परीक्षा रचणारे काही मुलांचे शत्रू नव्हेत, पण मुलं कुठे घसरतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. 'ब च्या १४० टक्के' आणि 'ब पेक्षा १४० टक्क्यांनी मोठी' या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीत ब स्वतः आहेच, वर १४० टक्के. म्हणजे २.४ पट. मग २.४ गुणिले ०.३, म्हणजे ०.७२, म्हणजे ७२ टक्के. डेसमॉसमध्ये दोन्ही हिशोब सारख्याच झटक्यात होतात. ४२ सुद्धा तितकंच स्वच्छ, तितकंच ठाम दिसतं. स्क्रीनवरच्या आकड्याला एक अधिकार असतो. हाताने काढलेल्या ४२ वर मूल एकदा तरी संशय घेतं, स्क्रीनवरच्या ४२ वर घेत नाही.

याच जातीचा आणखी एक प्रश्न सॅटला फार प्रिय. आजची संख्या सुरुवातीच्या संख्येच्या ३.८४ पट आहे, वाढ पी टक्के, तर पी किती? उत्तर २८४. पण ३८४, ३.८४ आणि २.८४ या तिन्ही उत्तरांकडे जाणाऱ्या वाटा उघड्याच असतात. इथे कॅल्क्युलेटरला करण्यासारखं कामच नाही. एक वजाबाकी आणि एक शंभराने गुणाकार, बस. तरीही मुलं डेसमॉस उघडतात. हात सवयीने तिकडे जातो.

गुणोत्तराकडे वळू, कारण इथे डेसमॉस जास्त देतो आणि हिरावूनही जास्त घेतो. एका पेटीत लाल आणि निळ्या गोट्यांचं गुणोत्तर ३:५ आहे. १२ लाल गोट्या आणखी टाकल्या तर ते ३:४ होतं. आता पेटीत एकूण गोट्या किती? नेहमीची रीत अशी: लाल ३क, निळ्या ५क, मग (३क + १२) / ५क = ३/४. डेसमॉसमध्ये हे = ऐवजी ~ टाकून लिहिलं की तो समीकरण सोडवत बसत नाही, जुळणारी किंमत शोधतो, आणि खाली क = १६ असं लिहून देतो. या युक्तीत अज्ञात संख्येला क्ष सोडून दुसरं अक्षर द्यावं लागतं, किंवा क्ष च्या पायाशी १ लावावा लागतो. समीकरण एकदा बरोबर लिहिलं की तिरकस गुणाकारात, चिन्हांत, कंसांत चुकायला जागाच उरत नाही. बीजगणितात हात कच्चा असलेल्या मुलासाठी हा मोठाच आधार आहे, आणि तो नाकारण्याचा शहाणपणा मी कुणाला शिकवत नाही.

आता हेच कागदावर. निळ्या गोट्यांना कुणी हात लावलेला नाही. मग दोन्ही गुणोत्तरांत निळ्यांचे भाग सारखे करू: ३:५ म्हणजे १२:२०, आणि ३:४ म्हणजे १५:२०. लाल १२ भागांवरून १५ वर गेल्या, तीन भाग वाढले, आणि ते तीन भाग म्हणजे १२ गोट्या. एक भाग ४ गोट्यांचा. आता एकूण ३५ भाग, म्हणजे १४० गोट्या. समीकरण नाही, अक्षर नाही, आणि वेळ डेसमॉसपेक्षा कमी, कारण टाइप करायचं काहीच नाही.

डेसमॉसवाल्या मुलाला मिळालं काय? क = १६. त्याने आता १६ ला ८ ने गुणून १२८ काढायचे आणि त्यात १२ मिळवायचे. इथेच बरीच जण १२८ वर थांबतात, कारण ८क म्हणजे सुरुवातीचा एकूण आकडा हे ध्यानातून निसटलेलं असतं. भागांच्या रीतीत हा घोटाळा सहसा होत नाही. शेवटच्या चित्रातलेच ३५ भाग डोळ्यांपुढे असतात.

काय बदललं नाही, हा प्रश्न या सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. ४० लिटर द्रावणात ३० टक्के मीठ आहे. किती पाणी आटवलं तर ते ४० टक्के होईल? मीठ आटत नाही. मीठ १२ लिटर (हो, मीठ लिटरमध्ये मोजणारी ही उदाहरणं कोण लिहितं देव जाणे), ते जर नव्या द्रावणाचे ४० टक्के असेल तर नवं द्रावण ३० लिटर, म्हणजे १० लिटर पाणी गेलं. ज्याला 'मीठ तेवढंच आहे' हे दिसलं त्याला कॅल्क्युलेटर लागत नाही. ज्याला दिसलं नाही तो डेसमॉसमध्ये काय टाइप करणार? बहुतेक वेळा '४०% ऑफ ४०'. उत्तर १६, आणि मग त्या १६ चं करायचं काय हा नवा प्रश्न.

एक व्यावहारिक अडचणही सांगून ठेवते. १५ टक्के सूट दिल्यावर किंमत २०४० झाली तर मूळ किंमत किती, असा प्रश्न आला की मुलं ०.८५क्ष = २०४० असं थेट लिहितात. समीकरण अगदी बरोबर. डेसमॉस त्याची उभी रेषा काढतो, पण ती काढतो २४०० वर, आणि पडद्यावर सुरुवातीला दिसतात दोन्ही अक्षांवर उणे १० ते अधिक १० च्या आसपासचे आकडे. म्हणजे समोर कोरी जाळी. आपलंच समीकरण चुकलं असं वाटून मूल ते खोडतं, ०.१५क्ष = २०४० असं काहीतरी लिहितं, तिथेही कोरी जाळीच, आणि मिनिट गेलं. उपाय सोपा आहे: पडदा लहान करत जा, किंवा पान्याच्या चित्रावर टिचकी मारून अक्षांच्या मर्यादा बदला. किंवा, माझं ऐकाल तर, २०४० ला ०.८५ ने भागा. शेकडेवारीच्या एका पायरीच्या उदाहरणाला आलेख काढणं हा उगाच घातलेला घाट आहे.

अपूर्णांकाच्या बटणाबद्दल मात्र मला निखळ प्रेम आहे. दशांशात उत्तर आलं की ओळीच्या डाव्या बाजूला एक छोटं बटण दिसतं, ते दाबलं की ०.७०८३३३ चं १७/२४ होतं. हे महत्त्वाचं का? सॅटच्या गणितातल्या साधारण पाव प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, आणि चौकटीत धन उत्तरासाठी पाचच अक्षरं बसतात. १७/२४ बरोबर पाच अक्षरांत बसतं. दशांशातच लिहायचं असेल तर चौकट भरेपर्यंत अंक द्यावे लागतात: .७०८३ चालतं, ०.७०८ चालतं, ०.७१ चालत नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देण्याची सवय शाळेत अंगवळणी पडलेली असते, आणि इथे ती गुण घेऊन जाते. शिवाय % चं चिन्ह त्या चौकटीत लिहायचं नसतं. वरच्या प्रश्नात पी म्हणजे २८४, नुसता आकडा. गुणोत्तराच्या उत्तराला अपूर्णांकच सगळ्यात सुरक्षित, आणि डेसमॉस तो आयता देतो. एवढ्या एका सोयीसाठी मी त्याला अर्धा तारा जास्त देईन.

घातांकी वाढ-घटीच्या प्रश्नांत तर तो खरा रंगात येतो. नमुना असा: एका यंत्राचं मूल्य दर ५ वर्षांनी १२ टक्क्यांनी घटतं, सुरुवातीचं मूल्य ८०००, टी वर्षांनंतरचं मूल्य कोणत्या फलाने मिळेल? पर्यायांत ०.८८ असतो, ०.१२ असतो, १.१२ही असतो, आणि घातांकात कधी ५टी, कधी टी/५. कोणता बरोबर हे सूत्र आठवून ठरवू नका. चारही पर्याय चार ओळींत टाइप करा आणि टी च्या जागी ५ घालून पाहा: ८००० चे ८८ टक्के म्हणजे ७०४० कुणाकडे येतात? ज्याच्याकडे येतात तो. इथे डेसमॉस तपासनीस म्हणून काम करतो, आणि त्या कामात त्याला तोड नाही. मुलाने कथेतला एक आकडा स्वतः काढला, यंत्राने फक्त पर्याय चाळले. कामाची वाटणी अशी असावी असं मला फार वाटतं.

दर महिन्याला २ टक्के वाढ म्हणजे वर्षाला २४ टक्के वाढ नव्हे, हेही तो एका ओळीत दाखवतो: १.०२ चा १२ वा घात १.२६८२ च्या जवळपास, म्हणजे वर्षाला सुमारे २६.८ टक्के. हे मी कितीही वेळा तोंडी सांगितलं तरी मुलांना पटायला वेळ लागतो. स्वतः टाइप करून पाहिलं की लगेच पटतं. स्लायडरचाही, म्हणजे अक्षराची किंमत सरकवून बदलायच्या पट्टीचाही, असाच उपयोग होतो. मूळ संख्येला एक अक्षर द्या, ती आधी २५ टक्क्यांनी वाढवा, मग २० टक्क्यांनी कमी करा, आणि शेवटच्या संख्येला पहिलीने भागा. मग स्लायडर कितीही सरकवा, शून्य सोडून, भागाकार १ चा १ च राहतो. त्यातून दोन गोष्टी एकदम समजतात: २५ टक्के वाढ पुसायला २० टक्के घट पुरते, आणि सुरुवातीची संख्या दिलेली नसली तरी अडत नाही, १०० धरली तरी चालते. सरावाच्या वेळी हा खेळ सोन्यासारखा आहे. परीक्षेत तो खेळत बसायला वेळ नसतो, आणि एकदा कळला असेल तर गरजही नसते.

एककांच्या गुणोत्तरात डेसमॉस पूर्ण गप्प. ४५०० चौरस फूट म्हणजे किती चौरस यार्ड? १ यार्ड म्हणजे ३ फूट. डेसमॉसला ४५००/३ विचारा, तो १५०० सांगेल. क्षेत्रफळात ते गुणोत्तर दोनदा लागतं, ९ ने भागायचं असतं, उत्तर ५००. हे कुठलाही कॅल्क्युलेटर सुचवणार नाही, आणि ब्लूबुकमध्ये जो सूत्रांचा तक्ता दिलेला असतो तो जवळजवळ सगळा भूमितीचा. टक्के, गुणोत्तर, एकक-बदल यांवर त्यात एक ओळही नाही. मुलं तो तक्ता उघडून शोधतात, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या परीक्षांमधली साधनं शेजारी ठेवली की डेसमॉसचं माप नीट लागतं. जीआरईमध्ये, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत, सप्टेंबर २०२३ पासून गणिताचे २७ प्रश्न आणि ४७ मिनिटं आहेत, आणि पडद्यावर मिळतो तो अगदी साधा कॅल्क्युलेटर: चार क्रिया, कंस, वर्गमूळ, थोडी स्मरणशक्ती, आठ अंकी पडदा. त्यावर % चं बटणच नाही. मला ते न्यून वाटत नाही. टक्के हवे असतील तर ०.३५ ने गुणा, म्हणजे आपण काय करतोय ते आपल्याला ठाऊक असलंच पाहिजे. आकडा थेट उत्तराच्या चौकटीत पाठवायचं एक बटण त्यावर आहे, सोयीचं आहे, पण शंभराने गुणायचं राहिलं असेल तर ०.३५ तसाच जाऊन बसतो. जीआरईचे दोन राशींची तुलना करायला सांगणारे प्रश्न तर कॅल्क्युलेटरला जुमानतच नाहीत. एक धन संख्या काही टक्क्यांनी वाढवली, मग तितक्याच टक्क्यांनी कमी केली. ती मूळ संख्येपेक्षा मोठी की लहान? आकडे दिलेलेच नाहीत. घट मोठ्या झालेल्या संख्येवर लागते, म्हणून लहान. संपला प्रश्न.

आणि जीमॅट, व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा. तिच्या गणिताच्या विभागात २१ प्रश्न, ४५ मिनिटं, आणि कॅल्क्युलेटर मुळीच नाही. तो फक्त डेटा इनसाइट्स या वेगळ्या विभागात मिळतो. त्यामुळे तिथले आकडे हाताने सुटतील असे निवडलेले असतात. ३७.५ टक्के दिसले की ३/८ ओळखायचे, १२.५ म्हणजे १/८, साडेसोळाच्या थोडं वर असेल तर १/६. ज्यांनी जीमॅटची तयारी केली आहे ती मुलं सॅटचं शेकडेवारीचं उदाहरण ज्या सहजपणे सोडवतात ते पाहण्यासारखं असतं. ती डेसमॉस उघडतच नाहीत असं नाही. पण उघडतात तेव्हा त्यांना काय विचारायचं ते माहीत असतं. सॅटच्या मुलांनाही मी आठवड्यातून एक दिवस कॅल्क्युलेटर बंद ठेवून गुणोत्तराची उदाहरणं देते. कुरकुर होते. होऊ द्या.

तर हे साधन कुणासाठी? ज्याला उदाहरणाची मांडणी जमते पण हिशोबात चुका होतात, त्याने डेसमॉस बिनधास्त वापरावा, ~ ची युक्ती आणि अपूर्णांकाचं बटण दोन्ही शिकून घ्यावं. ज्याला मांडणीच जमत नाही त्याला मी महिनाभर तरी तो बंद ठेवायला सांगते. त्याच्या कागदावर मला तीन गोष्टी दिसायला हव्यात, आकडेमोड नंतर: हे टक्के कशाचे, काय बदललं नाही, आणि शेवटच्या ओळीत नेमकं विचारलंय काय. मधल्या दर्जाच्या मुलांचं मात्र अवघड असतं. डेसमॉसमुळे त्यांचे गुण थोडे वाढतात, आणि मग तिथेच अडकतात. हिशोबाच्या चुका गेल्या, वाचनाच्या तशाच राहिल्या, आणि आता त्या झाकायला हिशोबाचं निमित्तही उरलं नाही. पालक विचारतात, 'कॅल्क्युलेटर असूनही चुकतं कसं?' चुकतं ते कॅल्क्युलेटर उघडण्याच्या आधी.

आलेख, समीकरणं, फलं यांसाठी पाचपैकी पाच. शेकडेवारी आणि गुणोत्तराच्या शाब्दिक उदाहरणांसाठी साडेतीन, त्यातला अर्धा तारा त्या अपूर्णांकाच्या बटणाचा. संकेतस्थळावर डेसमॉस फुकट वापरता येतो, पण परीक्षेतल्या आवृत्तीत काही सोयी बंद असतात, तेव्हा शेवटचे काही आठवडे सराव ब्लूबुकमधल्या कॅल्क्युलेटरवरच करा. खिडकी कुठे सरकवायची, प्रश्न झाकला न जाता ती केवढी ठेवायची, हेसुद्धा तिथेच हाताला बसवून घ्या.